प्रामाणिक धंद्याचा पुरस्कार द्यायचाय? आधी काटा तपासा, मग शाल आणा

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात 'आदर्श व्यापारी', 'उत्कृष्ट उद्योजक' असे पुरस्कार देणाऱ्या संस्थांना तोटा नाही. व्यापारी संघटना देतात, पतसंस्था देतात, वाचनालयं आणि महिला मंडळंही देतात. फक्त क्रम बहुतेक ठिकाणी उलटा असतो. आधी हॉल ठरतो, मग पाहुणे, मग प्रायोजक, आणि शेवटच्या आठवड्यात कुणीतरी विचारतं, "यंदा द्यायचा कुणाला?" मग नाव निघतं ते गणपतीला सढळ हाताने वर्गणी देणाऱ्याचं. वर्गणी देणं चांगलंच. पण त्याच्या दुकानात किलोला किती ग्रॅम मिळतात, हे कुणी पाहिलेलं नसतं.

ते पाहायची तयारी असलेल्या मंडळांसाठी हा लेख आहे. पाहायचं नसेल तर सत्कार समारंभ करा, त्यात काही वावगं नाही. फक्त त्याला प्रामाणिकपणाचा पुरस्कार म्हणू नका.

वेळापत्रक आधी

घाई झाली की पहिली काट मारली जाते ती तपासणीवर. म्हणून उलटीकडून मोजा. कार्यक्रमाला १५ मार्च, म्हणजे जागतिक ग्राहक हक्क दिन, सोयीचा. २४ डिसेंबरचा राष्ट्रीय ग्राहक दिनही सुचतो, पण डिसेंबरात बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये विधिमंडळाचं अधिवेशन असलं की बंदोबस्त, मोर्चे आणि वळवलेली वाहतूक यांत तुमचा कार्यक्रम बुडतो.

त्यावरून बाकीचं असं बसतं: श्रावणात नियम आणि पैसे. अनंत चतुर्दशीनंतर तीन आठवडे नामांकन. दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत तपासणी. फेब्रुवारीत निवड. नामांकन दिवाळीच्या तीन आठवडे आधी बंद झालंच पाहिजे, कारण दिवाळीची गर्दी हीच खरी परीक्षा. रिकाम्या दुपारी सगळेच गोड बोलतात.

सावधान: १ नोव्हेंबरला बैठक, फॉर्मवाटप, काहीही ठेवू नका. एकाच गावात कर्नाटकाचा राज्योत्सव आणि मराठी भाषकांचा काळा दिवस असताना तुमच्या साध्या पत्रकालाही भलता अर्थ चिकटेल.

टप्पा १: पैसा कुणाचा, ते ठरवा

तीन नियम लेखी करा आणि सगळ्या पदाधिकाऱ्यांच्या सह्या घ्या.

पहिला, ज्याचा पैसा त्याला पुरस्कार नाही. देणगीदार, त्याची भागीदारी आणि त्याच्या घरातले धंदे त्या वर्षी बाद. दुसरा, नामांकनाला फी नाही. तिसरा, स्मरणिकेतली जाहिरात विजेत्यांकडून घ्यायची नाही, कार्यक्रमानंतरसुद्धा नाही. हा तिसरा नियम हमखास मोडतो. "त्यांनी आपणहून दिली" असं म्हणून मोडतो.

पतसंस्था आयोजक असेल तर आणखी एक अडचण येते: अर्धा बाजार तिचा कर्जदार असतो. अशा वेळी पतसंस्थेने पैसे द्यावेत, निवड मात्र बाहेरच्या समितीकडे सोपवावी आणि संचालकांनी यादी जाहीर होईपर्यंत पाहूही नये.

खर्चाचा अंदाज करताना खरेदीचा पैसा धरायला लोक विसरतात. समजा २० दुकानं, प्रत्येकी तीन खरेद्या आणि सरासरी १५० रुपये, तर ९,००० रुपये त्यातच गेले. हे पैसे शालींच्या आधी बाजूला काढा.

टप्पा २: आवाका लहान ठेवा

पहिल्या वर्षी दोनच गट आणि एकच परिसर घ्या. रविवार पेठ, गणपत गल्ली आणि खडेबाजारातली किराणा आणि मिठाईची दुकानं, एवढंही पुरे. उद्यमबागमधली फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना, आणि शहापुरातलं साडीचं दुकान एका यादीत आणलंत की गुण कशाला कशाचे द्यायचे, हेच कळेनासं होतं. कारखान्यांचा गट दुसऱ्या वर्षी, माहीतगार माणूस मिळाल्यावर.

टप्पा ३: आधी उंबरठा, मग गुण

इथे सर्वांत जास्त गोंधळ होतो. कायदा पाळला म्हणून पुरस्कार द्यायचा नसतो. कायदा हा उंबरठा. तो ओलांडला तरच आत घेऊन गुण द्यायचे. म्हणून निकषांचे दोन कागद करा.

*पहिला कागद, उंबरठा. एकही 'नाही' आलं तर नामांकन थांबलं.*

काटा: इलेक्ट्रॉनिक काट्याची वजनमापे खात्याकडून दर १२ महिन्यांनी फेरतपासणी लागते, लोखंडी वजनं आणि साधा तराजू यांची २४ महिन्यांनी. काट्यावरचा शिक्का आणि प्रमाणपत्रावरची तारीख दोन्ही पाहा. काट्यावर जुना शिक्का आणि भिंतीवर दुसऱ्याच काट्याचं नवं प्रमाणपत्र, ही जोडी बऱ्याचदा सापडते, अनुक्रमांक जुळवा.

बिल: जीएसटी क्रमांक १५ अक्षर-अंकी असतो आणि कर्नाटकातल्या नोंदणीचा २९ ने सुरू होतो. बेळगावच्या काउंटरवर २७ ने सुरू होणारा क्रमांक दिसला तर ती महाराष्ट्रातली नोंदणी आहे. चंदगड किंवा कोल्हापूरकडे शाखा असेल, पण इथल्या विक्रीला इथलाच क्रमांक हवा. कंपोझिशन योजनेतल्या, म्हणजे उलाढालीवर ठोक दराने कर भरणाऱ्या छोट्या दुकानदाराला गिऱ्हाइकाकडून जीएसटी वेगळा घेताच येत नाही आणि आपण त्या योजनेत आहोत हे त्याने पाटीवर लिहायचं असतं. बिलावर पाच टक्के लावलेत आणि पाटीवर कंपोझिशन, असं असेल तर तिथेच थांबा.

खाद्यपदार्थ: एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी क्रमांक दिसेल असा लावलेला हवा. सुट्या मिठाईच्या ट्रेवर 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लिहिणं ऑक्टोबर २०२० पासून बंधनकारक आहे. कुंद्याच्या ट्रेपाशी उभे राहा आणि पाटी शोधा. खडूने लिहिलेली असली तरी चालेल, पण आजची हवी.

सराफ: दागिन्यावर बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) खूण, शुद्धता आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा ओळख क्रमांक. बीआयएस केअर ॲपमध्ये तो क्रमांक टाकला की कुठला दागिना, किती शुद्ध, ते दिसतं. अंगठीचा क्रमांक टाकल्यावर ॲपमध्ये 'बांगडी' आली तर पुढची चौकशी लागते.

कामगार: १४ वर्षांखालचं मूल कामाला नको. शाळा सुटल्यावर घरच्या, बिनधोक्याच्या धंद्यात हातभार लावणारं घरचंच मूल तेवढं अपवाद. पगार कर्नाटक सरकारने त्या कामासाठी जाहीर केलेल्या चालू किमान वेतनाखाली नको. निपाणीकडची मंडळी कधीकधी कागलचा दर धरतात. तो चालत नाही, काम जिथे चालतं त्या राज्याचा दर लागतो. दहा किंवा जास्त कामगार असतील तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती, वीस झाले की भविष्यनिर्वाह निधी.

*दुसरा कागद, गुण.* कायद्याने सक्ती नाही, तरी हा माणूस करतो, असं इथे मोजायचं. दुकानांसाठी शंभराची वाटणी अशी जमते: माप आणि किंमत ३०, कामगार ३०, तक्रार आणि परतावा २०, पुरवठादार व शेतकरी १०, कचरा आणि पिशव्या १०.

प्रत्येक गुणासमोर पुरावा काय, ते आत्ताच लिहा. 'ग्राहकाशी चांगली वागणूक' हा निकष नव्हे. 'उधारीची नोंद गिऱ्हाइकाच्याही वहीत त्याच वेळी करून देतो' हा निकष. 'डब्याचं वजन वजा करून मिठाई तोलतो' हा निकष. 'मुदत संपायला आलेला माल वेगळा काढून तसं सांगून विकतो' हा निकष. 'गल्लीतल्या शाळकरी मुलालाही सुटे पैसे पूर्ण देतो, चॉकलेट देत नाही' हासुद्धा.

पाटीची भाषा निकषात आणू नका, ते महापालिका आणि कायदा पाहून घेतील. कन्नड, मराठी, उर्दू कुठल्याही भाषेत बोलणाऱ्याला तोच भाव आणि तीच रांग मिळते का, एवढं मात्र नक्की मोजा.

तपासा: दोघांनी एकाच दुकानाला स्वतंत्रपणे गुण द्यावेत. फरक १० पेक्षा जास्त आला तर दोष दुकानाचा नाही, निकष संदिग्ध आहे. छापायच्या आधी दुरुस्त करा.

टप्पा ४: नामांकन आणि संमती

फॉर्म एकाच पानाचा, मराठी आणि कन्नड दोन्हीत. त्यात तीन रकाने महत्त्वाचे: नाव सुचवणारा ग्राहक, कामगार, पुरवठादार की स्वतः मालक, त्याने प्रत्यक्ष पाहिलेली एक गोष्ट, साधारण तारखेसह, आणि मालकाशी नातं किंवा व्यवहार. "फार चांगले गृहस्थ आहेत" एवढंच लिहिलेला फॉर्म परत पाठवा.

एकाच हस्ताक्षरातले वीस फॉर्म आले तर ते एक नामांकन. संख्येवर निवड करायचीच नाही, नाहीतर मतदान होऊन बसतं आणि ज्याच्याकडे पोरं जास्त तो जिंकतो.

नावं आली की मालकाची लेखी संमती घ्या. त्यात सरळ लिहा: संक्रांतीपर्यंत केव्हाही, न सांगता खरेदी होईल, कामगारांशी दुकानाबाहेर बोलणं होईल, कागदपत्रं एकदा पाहिली जातील. जो नको म्हणेल त्याचं नाव गुपचूप वगळा, त्याची चर्चा करू नका.

टप्पा ५: तपासणी

सगळा जीव या टप्प्यात आहे. तीन वाटांनी तपासा आणि क्रमही हाच ठेवा: खरेदी, मग माणसं, शेवटी कागद. कागद आधी मागितले की दुकान सावध होतं आणि खरेदीला अर्थ उरत नाही.

*खरेदी.* एका दुकानात किमान तीन वेळा, तीन वेगळ्या माणसांनी: एक दिवाळीच्या गर्दीत, एक आठवडी बाजाराच्या दिवशी, एक साध्या दिवशी. माणसंही मुद्दाम निवडा. पंच्याहत्तरीच्या आजी, खेड्यातून पहिल्यांदा आलेलं जोडपं, कन्नड बोलणारा विद्यार्थी. दुकानदार ज्यांना ओळखतो अशा समिती सदस्यांनी जाऊ नये, हे सांगायला नको. तरी कुणीतरी जातंच.

वजन घरच्या स्वयंपाकाच्या काट्यावर करू नका. शिक्का असलेली २०० ग्रॅम, ५०० ग्रॅम आणि १ किलोची वजनं मिळवा, १ किंवा २ ग्रॅमच्या पायरीचा (म्हणजे तेवढ्या-तेवढ्याने आकडा बदलणारा) काटा घ्या आणि दर वेळी आधी त्या वजनांवर तो पडताळा. मग माल पिशवीतून काढून तोला.

आता फरक कसा वाचायचा? बहुतेक दुकानांतला काटा ५ ग्रॅमच्या पायरीचा असतो. अशा काट्यावर अर्ध्या किलोला ५ ग्रॅम इकडे-तिकडे होणं वापरातल्या काट्यासाठी मान्य मर्यादेत येतं. एका खरेदीत ४ ग्रॅम कमी आले म्हणून 'मापात पाप' लिहू नका. तिन्ही वेळा कमीच आले आणि तिन्ही वेळा साधारण तेवढेच कमी, तर ती नकळत झालेली चूक नव्हे.

मिठाईत घोळ डब्याचा असतो. समजा रिकामा डबा ४० ग्रॅमचा आणि कुंदा ६०० रुपये किलो. डब्यासकट अर्धा किलो तोलला तर गिऱ्हाइकाने २४ रुपयांचा पुठ्ठा विकत घेतला. पाहायचं ते एवढंच: डबा काट्यावर ठेवल्यावर आकडा शून्य केला की नाही. खरेदी करणाऱ्याने काट्याच्या पडद्याकडे पाहायचं, बोलायचं काही नाही. काट्याचा पडदा गिऱ्हाइकाला दिसतच नसेल, मध्ये बरण्या रचल्या असतील, तर तेही लिहा.

तीनपैकी एक वस्तू तिसऱ्या दिवशी बिलासह परत न्या: न वापरलेली, बांधणी शाबूत असलेली, खाण्याची नसलेली. पैसे दिले, बदलून दिली, की तोंड वाकडं केलं? 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी असेल तर या भागात गुण अर्धे.

सावधान: सापळा लावू नका. "बिल नको, कमी करा" असं आपल्या माणसाने म्हणायचं नाही. दुकानदार स्वतः म्हणाला तर नोंद करा.

*माणसं.* कामगार कोण भेटेल हे मालकाने ठरवायचं नाही. दुकान बंद झाल्यावर, चहाच्या गाड्यावर, दोघांशी वेगवेगळं बोला. प्रश्न साधे ठेवा: महिन्याला हातात किती येतात, आठवड्याची सुट्टी कोणती, मागच्या वेळी आजारी पडलात तेव्हा पगार कापला का, दिवाळीत किती वाजेपर्यंत थांबलात आणि त्याचे काय मिळाले, बसायला स्टूल आहे का. वहीत नाव लिहू नका, आवाज रेकॉर्ड करू नका.

एकच नोकर असलेल्या दुकानाचा पेच वेगळा आहे. तिथे काहीही लिहिलंत तरी कुणी सांगितलं ते मालकाला कळतं, आणि तुमच्या पुरस्कारापायी एखाद्याची नोकरी जाते. अशा वेळी त्याचं वाक्य न लिहिता फक्त गुण लिहा आणि आधी काम सोडून गेलेला एखादा शोधून त्याच्याशीही बोला. सोडून गेलेला माणूस रागावलेला असू शकतो, पण शेवटचा पगार वेळेत मिळाला का, याचं उत्तर राग बाजूला ठेवूनही मिळतं.

अडत्याकडे माल घालणाऱ्या शेतकऱ्याची पट्टी, म्हणजे त्याला मिळालेला विक्रीचा हिशेब, पाहा: वजन, दर आणि प्रत्येक कपात वेगळी लिहिली आहे, की खाली एकच गोळा आकडा? साडीवाल्याकडे एवढंच विचारा की ही हातमागाची की पॉवरलूमची. वडगावची पॉवरलूमची साडी पॉवरलूमची म्हणूनच विकणारा दुकानदार गुणांना पात्र आहे. त्यात कमीपणा काही नाही.

दुसऱ्या वर्षी फौंड्री घेतलीत तर भट्टी ओतायच्या वेळी जा, सकाळी ऑफिसात नव्हे. वितळलेल्या धातूचा रस ओतणाऱ्याच्या तोंडावर शील्ड, पायात गेटर (पोटऱ्यांचं संरक्षक कवच) आणि बूट, फेटलिंगच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायच्या, जागी धुळीचा मास्क आणि हवा ओढणारा पंखा, वापरलेली वाळू कुठे टाकली जाते, हे पाहा. छोट्या पुरवठादारांचे पैसेही विचारा: सूक्ष्म-लघू उद्योगाला लेखी करार नसेल तर १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावे लागतात. उद्यमबागेतल्या लहान मशीन शॉपवाल्याला हा प्रश्न विचाराल तर तो आधी हसेल, मग सांगेल.

*कागद.* आता मालकाला वेळ सांगून जा. काट्याचं प्रमाणपत्र, अन्न परवाना, पगारपत्रक किंवा बँकेतले पगाराचे व्यवहार, ट्रेड लायसन्स, एवढं पुरे. जीएसटी क्रमांक आणि अन्न परवाना त्या त्या सरकारी संकेतस्थळावर पडताळा. छापील कागदावर विसंबू नका. ग्राहक आयोगात तक्रार चालू असणं म्हणजे दोष नव्हे. निकाल विरुद्ध लागूनही पैसे दिले नसतील तर मात्र बाद.

तपासा: प्रत्येक दुकानाच्या फाइलमध्ये तीन बिलं, तीन वजनांच्या नोंदी, दोन संभाषणांचे गुण आणि कागदांची यादी आहे ना? एकही कमी असेल तर ते नाव निवडीला जाणार नाही.

टप्पा ६: निवड समिती

पाच जण, विषम संख्या. एक निवृत्त लेखापाल किंवा बँक अधिकारी, एक वकील, एक कामगारांत वावरणारा, एक रोजची खरेदी करणारी गृहिणी आणि एक तालुक्याबाहेरचा. नगरसेवक, माजी किंवा भावी, नको.

बैठकीआधी प्रत्येकाने लिहून द्यावं: कोणत्या नामांकित दुकानाशी नातं, उधारी, भाडं किंवा जमिनीचा व्यवहार आहे. त्या दुकानाच्या वेळी त्याने बाहेर बसावं, नुसतं गप्प बसणं पुरत नाही. फाइलवर दुकानाच्या नावाऐवजी क्रमांक टाका. गुण आधी घरी, लेखी, एकट्याने, मग चर्चा. उलट केलंत तर पहिला बोलणारा ज्येष्ठ जे म्हणेल तेच ठरतं.

७० च्या खाली पुरस्कार नाही, असा नियम ठेवा. एखाद्या गटात कुणीच बसलं नाही तर 'यंदा नाही' असं जाहीर करा. पाहुणे बोलावून झालेत, या कारणाने दिलेला एक पुरस्कार पुढची दहा वर्षं खातो.

टप्पा ७: जाहीर करण्याआधी कळवा

निवडलेल्यांना आणि न निवडलेल्यांनाही त्यांचे गुण व नोंदी बंद पाकिटात द्या. चुकीची नोंद दाखवून द्यायला सात दिवस द्या. कुणाचं वजन कमी भरलं, कुणी पगार थकवला, हे व्यासपीठावर, व्हॉट्सॲपच्या गटात किंवा पत्रकारांशी गप्पांत बोलू नका. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामीचा दावा होऊ शकतो. तक्रार करायची असेल तर ती वजनमापे खात्याकडे किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर.

टप्पा ८: मानपत्र आणि स्टिकर

कार्यक्रमाबद्दल फारसं सांगण्यासारखं नाही. भाषणं कमी ठेवा. मानपत्राचा मजकूर मात्र नीट लिहा. 'सचोटीचे मूर्तिमंत प्रतीक' वगैरे काढून टाका. असं लिहा: "अमुक ते अमुक या काळात न सांगता केलेल्या तीन खरेद्यांत वजन बरोबर आढळले, बिल न मागता मिळाले, परत आणलेली वस्तू वाद न घालता घेतली, कामगारांना साप्ताहिक सुट्टी पगारी आहे." दुकानात लावायच्या स्टिकरवर वर्ष आणि 'पुढील १५ मार्चपर्यंत वैध' हे मोठ्या अक्षरात, खाली तक्रारीसाठी आयोजकांचा फोन. वर्ष नसलेलं स्टिकर मालक बदलल्यावरही तसंच चिकटलेलं राहतं.

टप्पा ९: वर्षभराची जबाबदारी

विजेत्याकडे वर्षात आणखी दोन खरेद्या करा, त्यातली एक श्रावणातल्या सणांच्या गर्दीत. तक्रारींची वही ठेवा. लेखी तक्रार आली की सात दिवसांत मालकाचं म्हणणं, पंधरा दिवसांत फेरखरेदी, महिन्यात समितीचा निर्णय. माप, बालकामगार किंवा थकवलेला पगार यांपैकी काही सिद्ध झालं तर स्टिकर काढून घ्यायचं आणि यादीतून नाव वगळायचं. हे कलम संमतिपत्रातच हवं, नंतर घालता येत नाही. मालकी बदलली, दुकान विकलं, तर पुरस्कार आपोआप संपला. फाइली तीन वर्षं कुलपात ठेवा. कामगारांच्या गुणांचे कागद मात्र निवड संपली आणि हरकतीचे सात दिवस उलटले की फाडून टाका.